हत्तिणीला टेप बसवला त्याची हकिगत

उतर म्हंतोय न्हवं तुला, उतर खाली, न्हाईतर गाडीसकट उचलून हिरीत टाकीन, असं आबा बोंबलत हुते, आन् आबांचा आवाज म्हंजे काय सांगू तुमाला, मळ्यात उभं राहून गड्याला हाक मारली तर नदीपल्याडची मानसं आपल्यालाच बोलावलं म्हनून होडीत बसायची, तसला आवाज. आन् त्यो आवाज ज्याच्या कानाशी चालला हुता त्यो नवरदेव मातूर ढिम्म. फुडच्या शिटावर ताठ बसलेला, कपाळाला बाशिंग, दोनी गालांवर मुंडावळ्या, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू, नजर सरळ काचंतनं फुडं. फुडं काय हुतं? उकिरडा हुता. त्यो आपला उकिरड्याकडं बगतोय, गाडीतला नवाकोरा टेप सनई वाजवतोय, मांडवात भटजी मनगटावरच्या घड्याळाकडं बगून घसा साफ करतायत, आन् मी, म्हंजे नवरीचा सख्खा भाऊ आन् त्याच गाडीचा ड्रायव्हर, हातात किल्ली घिऊन उभा, म्हादेवाम्होरल्या नंदीवानी.

नवरदेव रुसला, असं कुनीतरी बाई म्हनली. झालं. एकीनं म्हनलं की दुसरीनं, आन् दुसरीनं म्हनलं की सगळ्या मांडवानं, रुसला, रुसला, नवरदेव रुसला.

आता तुमी शहरातली मानसं, तुमाला काय म्हाईत आमच्याकडचं रुसनं. नवरदेव मांडवाच्या दारात आला की रुसतोय, त्यो त्याचा मान असतोय. कुनी घड्याळासाठी रुसतोय, कुनी रेडिओसाठी, एकजन तर सासऱ्याच्या मिशीसाठी रुसला हुता, आदी भादरा मंगच उतरतो म्हनला. पर माज्या भनीच्या, हौसाच्या बाबतीत ह्यो चेष्टंचा इषय न्हवता. तिचं पयलं लगीन मांडवाच्या दारातनं माघारी गेल्यालं. त्यो नवरा सायकलीसाठी रुसला, आमच्याकडं सायकल न्हवती, त्यो रुसूनच बसला आन् मुहूर्त टळला, वऱ्हाड आलं तसं गेलं. हळद लागलेली पोर घरात राहिली. आई-बा तवा न्हवतेच, मीच काय त्यो बा आन् मीच आई. तवा रुसला ह्यो शबूद कानावर आला आन् मला त्यो सायकलवालाच दिसाय लागला. आनिक एकदा माघारी गेलं तर तिसऱ्यांदा कोन येनार हुतं वो दारात?

पर अशी मधनंच सांगून तुमाला कळायची न्हाई. पयल्यापासनं सांगतो.

मी बिरू. आमी तिकडं माणदेशाकडची मानसं, मेंढरंवाली. माजा बा पाऊसकाळ सरला की मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरायचा, पलूसच्या अंगाला आबांची लय मोठी बागायत, त्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीचं खत त्यांस्नी आन् ज्वारी आमाला. मी वाढलो त्यो असा, आबांच्या बांधावर. मंग फौजंत गेलो, तिकडं ट्रक हाकला, असल्या घाटांनी हाकला की खाली बगितलं तर ढग दिसायचे आन् ढगाखाली आनिक ट्रक. फौजंतनं आलो तवर दुष्काळात मेंढरं सपली हुती आन् मागनं बा गेला. आबा म्हनाले, मेंढरं न्हाईत तर नसू देत, माजी हत्तीण हाक.

हत्तीण म्हंजे गाडी. इंग्रजाच्या वक्ताची, एका संस्थानिकाच्या घरनं आल्याली, कुठल्या त्ये इचारू नगा, त्यांची मानसं अजून हाईत. काळी कुळकुळीत, बॉनेट इतकं लांब की ड्रायव्हर वळनावर यायच्या आदी गाडीचं तोंड परगावात गेल्यालं असायचं. हॉर्न वाजवला की म्हशी पान्हा सोडायच्या, गवळी लोक धार काढायच्या येळंला मला मुद्दाम बोलवायचे. आन् तिच्यात एक रेडिओ हुता, मूळचाच, काचंच्या नळ्यांचा. त्यो तापाय लागायचा. बटन पलूसला दाबलं तर आवाज आष्ट्याला यायचा. आन् आष्ट्याला काय यायचं, तर बातम्या सपल्या म्हनून सांगायला बाई यायची.

आबांस्नी त्याचं काय वाटत न्हवतं. पर शेजारच्या गावच्या बागायतदारानं जीपला टेप बसवला, कॅसेट घालून वाजवायचा, आन् गावोगावच्या वराती आबांच्या हत्तिणीला सोडून त्या जीपला बोलवाय लागल्या. तसं आबांस्नी भाडं-बिडं नगं हुतं, नुसता मान पायजे हुता, आन् मान चालला. दोन दिस आबा जेवले न्हाईत. म्हंजे घरी जेवले न्हाईत, माज्याकडं जेवले.

मंग आमी सांगलीला. दुकानदारानं तीन गोष्टी म्होरं ठेवल्या. एक, जुन्याच रेडिओला नव्या नळ्या. दुसरा, नवा रेडिओ, त्यो तापत न्हाई, लगीच बोलतोय. आन् तिसरा टेप, स्टिरिओ. आबांनी इचारलं, स्टिरिओ म्हंजे काय? त्यो म्हनला, आवाज दोन बाजूनं येतो आबासाहेब, पेटी उजवीकडनं आन् तबला डावीकडनं. आबांनी लय येळ इचार केला. मंग म्हनाले, माज्या गाडीत मामलेदार डावीकडं बसतोय, त्येला निस्ता तबला ऐकवू व्हय? दुकानदार म्हनला, तसं न्हवं ओ, दोनी मिळून येतं. आबा म्हनाले, मंग बाजू येगळ्या कशाला केल्या? गड्या, त्या दुकानदारानं च्या मागवला.

आबा माज्याकडं वळले. बिरू, तुला काय वाटतंय? म्या म्हनलं, तुमी म्हनाल तसं. म्हनाले, माजं मला कळत असतं तर तुला इचारलं असतं व्हय? म्या म्हनलं, मंग रेडिओ घ्या. म्हनाले, अडानी हायस, जीपवाला टेप वाजवनार आन् मी बातम्या? म्या म्हनलं, मंग टेप घ्या. म्हनाले, उधळ्या हायस. म्या गप बसलो तर म्हनाले, बगा, ह्यो इतका पगार खातोय आन् बोलत न्हाई. सांगा, काय करायचं मानसानं? असल्या सांगलीच्या फेऱ्या इतक्या झाल्या, की हत्तीण आपली आपन वळून त्या दुकानाम्होरं उभी राहायला लागली, मी नुसता वर बसलेला.

शेवटाला काकी, म्हंजे आबांच्या घरच्या, म्हनाल्या, इतकी मोठी वस्तू घेताय, गावच्या आईला कौल लावा. आता कौल म्हंजे तुमाला म्हाईत असंल, देवीच्या अंगाला पान्यानं दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजवी, एक डावी, आन् गाऱ्हानं घालून बसायचं. जी पडंल त्यो देवीचा हुकूम. पर आमच्या गोष्टी तीन. आबा गुरवाला म्हनाले, मधी एक कळी लाव. गुरव म्हनला, आबा, मधी आईचं नाक हाय. मंग जुन्या नळ्या रद्द झाल्या, देवीच्या नाकापायी. उजवी पडली तर टेप, डावी पडली तर रेडिओ, असं ठरलं आन् आमी बसलो. कळी काय हालंना. गाव गोळा झाला. मानसं भाकरी बांधून आली. आबा घामानं भिजले, आन् मी मागं बसून म्हंतोय, आई, पाड गं कायबी, रेडिओ पाड, टेप पाड, न्हाईतर देऊळ पाड, पर सोडव. आन् तेवढ्यात दोनी कळ्या एकदम पडल्या. गुरवाला शिंक आली असं काही लोक म्हंतात, मी म्हनत न्हाई, मला त्याच गावात राहायचं हाय. असं कवा झालंच न्हवतं. गुरव डोळं झाकून म्हनला, आई म्हंतीया उजवीकडनंबी आन् डावीकडनंबी. आन् आबा ताडकन उठले, दोनी बाजूनं! स्टिरिओ! अरं, आईनं नाव घिऊन सांगितलं!

झालं, टेप आला. त्यो आता नुसता टेप न्हवता, आईनं दिलेला टेप हुता. त्याला आदी हळद-कुंकू, मंग पेचकस. बसवनारा म्हनला, तुमच्या हत्तिणीची बॅटरी ह्याला पुरत न्हाई, म्हनून मागं डिकीत ट्रॅक्टरची बॅटरी टाकली आन् तिथनं सरळ वायर वडली. म्हंजे गाडीची किल्ली काढून खिशात घातली तरी टेप वाजतोय तो वाजतोच. आवाजाचा एक डबा उजव्या बाजूला, एक डाव्या. टेपाला हात लावायचा तर आदी पायतान काढायचं, असा आबांचा हुकूम. ड्रायव्हरबी. मी तवापासनं अनवानी गाडी हाकली.

आन् त्याच टायमाला हौसाचं जुळलं. विट्याच्या पलीकडची मानसं, आमच्याच जातीची, मेंढरं हाईत, थोडं रान हाय. पोरगा संपत, लाजाळू, खाली बगून बोलनारा, ढोल असा वाजवायचा की गजीत नाचनारी मानसं दमायची, ह्यो न्हाई. मी आबांच्या पाया पडलो, तर आबा म्हनाले, हौसा माजी लेक हाय, लगीन माज्या मळ्यात, आन् जावई मारुतीच्या देवळापासनं मांडवापत्तूर घोड्यावर न्हाई, हत्तिणीतनं येनार, टेप वाजवत. आईच्या टेपाचं पयलं वाजनं हौसाच्या लग्नात. मी रडलो वो. खोटं कशाला सांगू, दोन घागरी भरल्या असत्या.

लग्नादिशी संपतला देवळापासनं घेतला. माज्या शेजारी बसला, मी सनईची कॅसेट लावली. बाहीर लहान-मोठं सगळं गाडीमागं पळतंय. त्यानं हळूच इचारलं, बिरूभाऊ, हे वाजतंय कुटनं? म्या म्हनलं, दोनी बाजूनं. त्यो म्हनला, मला तर तुमच्या अंगानंच येतंय. म्या मनात म्हनलं, मेला, डावा डबा बंद पडला, आता आबा मला जित्ता ठेवत न्हाईत. माजं सगळं ध्यान त्या डब्यात. मांडवाच्या दारात गाडी लावली, त्येला म्हनलं, हलू नगा, सांगितल्याबिगर उतरू नगा, आन् किल्ली काढून उतरलो, कारन मी ड्रायव्हर जरी असलो तरी नवरीचा भाऊ, आरतीचं ताट कुटं, नारळ कुटं, मलाच बगायचं. आन् माघारी येतोय तर हे, रुसला, रुसला, आन् आबांचं बोंबलनं.

सगळा मांडव गाडीच्या डाव्या अंगाला. बाया ओवाळून दमल्या, उतरा पावनं, उतरा. हूं न्हाई का चूं न्हाई. त्याचा बाप आला. खिडकीतनं पोराकडं बगितलं, टेपाकडं बगितलं, आबांकडं बगितलं, आन् पागोटं सारकं करून म्हनला, पोराच्या मनात टेप भरलाय. त्येवढा द्या, लगीच उतरंल.

आबांचं तोंड बगायला पायजे हुतं तुमी. म्हनाले, घड्याळ देतो. बाप म्हनला, टेप. आबा म्हनाले, म्हैस देतो, गाभनी हाय. बाप म्हनला, म्हैस वाजत न्हाई. आबा म्हनाले, अरं, त्यो आईनं दिलाय, कौल लावून, त्यो मला द्यायला येत न्हाई, गावात तोंड दावायला जागा राहनार न्हाई. बाप म्हनला, मंग आमी आलो तसं जातो, मुहूर्त काय थांबत न्हाई. आन् दोगंबी माज्याकडं बगाय लागले. आबा म्हनाले, बिरू, टेपाला हात लागला तर बग. व्याही म्हनला, बिरूभाऊ, भनीचं बगा. काय करू सांगा. ड्रायव्हर म्हनून आबांच्या अन्नाचा, भाऊ म्हनून हौसाच्या रक्ताचा, आन् हातात निस्ती किल्ली, जिनं टेपसुदीक बंद हुईना. मांडवाच्या आतनं हौसाच्या बांगड्या वाजल्या, नुसत्या वाजल्या, आन् मला वाटलं भुई फाटावी.

मी डावं दार उगडलं आन् संपतच्या पायावर डोकं ठेवलं. म्हनलं, दाजी, आयुष्यभर तुमची मेंढरं राखीन, उतरा. त्यानं खाली बगितलं, लाजला, आन् हात जोडले. त्याचा बाप वराडला, बगा बगा, पोरगं हात जोडून मागतंय! बाया रडाय लागल्या.

तवा आबा खचले. एवढा मोठा मानूस, बांधावर बसला, देवळाच्या दिशेनं तोंड करून आपल्याच गालात मारून घेतल्या, आई, लेकीसाठी दितोय गं, माज्यावर कोपू नगं, मांडवावर नगं. आन् मला म्हनाले, काड, बिरू. असा आवाज मी आबांचा कवा ऐकला न्हवता, दोन हातावर ऐकू आला नसता.

मी पेचकस घेतला, तसाच अनवानी वळसा घालून उजव्या दारानं आत बसलो, संपतकडं बगवना, मान खाली घालून इस्क्रू सोडवाय लागलो. वायरीला हिसका बसला आन् सनई बंद पडली.

संपत माज्याकडं वळला. म्हनला, सपलं व्हय? उतरू का आता?

म्या म्हनलं, दाजी, तुमी रुसला हुता न्हवं? त्यो म्हनला, कशापायी? म्या म्हनलं, टेपापायी. त्यो म्हनला, मला टेप कशाला, बसवू कशात, मेंढरात? तुमीच म्हनला सांगितल्याबिगर उतरू नगा, मला कुनी सांगितलंच न्हाई. आन् दार उगडून उतरलासुदीक. मांडवात एकच गलका, उतरला, उतरला! आबा पोरासारकं पळत आले, टेप जाग्यावर बगून त्यांनी संपतला कडंवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. जावई असावा तर असा, म्हनाले, निस्तं मन बगितलं बगा त्यानं आमचं.

सगळे हासतायत, आन् मी एकटा गाडीपाशी इचार करतोय, कुनी सांगितलं न्हाई म्हंजे काय, अख्खा गाव त्याच्या कानाशी बोंबलत हुता. डोक्यात एक किडा वळवळला. मी जाऊन त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. म्हनलं, दाजी. काय न्हाई. जोरात म्हनलं, दाजी! काय न्हाई. टाळी वाजवली, तर मागचं कुत्रं पळालं, दाजी पाटाकडं बगतोय. आन् तवर अंतरपाट धरला हुता, भटजींनी सावधान म्हनलं हुतं, मला वरडायचं हुतं का न्हाई त्ये मला अजून म्हाईत न्हाई, कारन मूठ आपली आपन उगडली आन् अक्षता पडल्या.

व्याह्याला गोठ्यामागं गाठला. म्हनलं, पोराचा एक कान बंद हाय व्हय? त्यो म्हनला, डावा, लहानपनी ढोलाशेजारी झोपायचा. पर उजवा बगा तुमी, मुंगी चालली तर कुटं चालली सांगतोय. म्या म्हनलं, आन् तुमाला सगळं कळत हुतं तरी टेप मागितला? त्यो म्हनला, तुमीच म्हनला रुसला, आता रुसलाय म्हनल्यावर कायतरी मागाय नगं व्हय?

आबांस्नी सांगावं तर आबा बंदूक काडनार. न सांगावं तर भन माजी. पंगतीत भटजींनी तिला नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसवलेली, बायकोची जागा तीच, आन् बाया म्हनाल्या नाव घे, तर तिनं घेतलं, चांगलं लांबलचक, आन् सगळा मांडव हासला, त्यो सोडून. त्यो भातावरचं वरन कालवत हुता.

वरात निघायच्या येळंला हौसा हत्तिणीपाशी आली, तिच्या हातात खनानारळाची वटी, डोळं सुजल्यालं. संपत आदीच मागच्या शिटावर उजव्या कोपऱ्याला जाऊन बसला हुता, डावी जागा तिला सोडून. म्या तिला बाजूला वडली आन् सगळं सांगितलं, म्हनलं, हौसे, तुला फशिवलं गं, मला फशिवलं, माज्या हातात कायच न्हवतं, आताबी न्हाई, त्येला डाव्या कानानं काय म्हंजे कायच ऐकू येत न्हाई, तू सांग, काय करू, वऱ्हाड अडवू, का आबांस्नी बोलवू, का त्या बापाला धरू. बोलता बोलता मलाच हुंदका आला, तिनं माज्या सदऱ्याला लागलेला गुलाल झटकला.

म्हनली, मंग त्यांस्नी पलीकडं सरकाय सांग, मी उजवीकडं बसते.